रस्त्यावरून पाहिलेली पऱ्हाटी

माझ्या कपाटात लोकरीच्या मोज्यात घातलेली एक छोटी दुर्बीण आहे. एका डोळ्याची. मुठीत मावते, वजनाला एखाद्या पेरूएवढी. सहा वर्षं झाली, ती मी मोज्यातून बाहेर काढलेली नाही. बायको, कुंदा, दर दिवाळीच्या सफाईत तो मोजा उचलते आणि म्हणते, "अहो, वापरायची नसेल तर कोणाला देऊन तरी टाका."

देऊन टाकायला मी एकदा गेलो होतो. ज्याला द्यायला गेलो त्याने ती घेतली नाही. त्या माणसाचं नाव देवीलाल आडे, राहणार फुलसावंगीच्या पलीकडचा बंजाऱ्यांचा एक तांडा, धंदा शेती. हे मी त्याच्याबद्दल लिहायला बसलोय. पण त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं, म्हणून सहा वर्षं गेली.

मी कमलाकर मोहरील. यवतमाळच्या आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी खुर्च्यांवर बसल्या. आजोबा कचेरीत कारकून, वडील हेडक्लार्क. मी त्यातल्या त्यात मातीजवळचा, म्हणजे कृषी सहायक. घरचे थट्टेने म्हणायचे, कमलाकर शेतात जातो. नोकरीची शेवटची वर्षं महागाव तालुक्यात गेली. फुलसावंगीत एक खोली घेतली होती आणि शनिवारी एसटीने घरी यायचो.

देवीलालभाऊंची पहिली ओळख झाली तीच फटकारून. त्यांचं वावर, म्हणजे शेत, पाझर तलावाच्या पाळीखाली, रस्त्याला लागून. मी मोटारसायकलवरूनच हात उंचावून "रामराम" म्हणालो, तर हा माणूस काठीवर हनुवटी टेकवून नुसता बघत राहिला. उत्तर नाही. मला वाटलं, बहिरा असेल. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मी चिडून गाडी थांबवली आणि धुरा, म्हणजे बांध, ओलांडून आत गेलो, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. "रामराम सायेब. रस्त्यावरून केलेला रामराम आमी धरत नाई. वावरात या, मंग बोला."

हा त्यांचा कायदाच होता. वावरात आलेल्याला ते कधी रिकाम्या हाताने पाठवत नसत. कधी वाळूक, कधी तुरीच्या ओल्या शेंगा, काहीच नसलं तर हंसाबाईंच्या हातचा काळा चहा. हंसाबाई त्यांच्या बायको. त्या मला बघून "आवो, बेसो" म्हणायच्या आणि माझ्याशी त्यापुढे फारसं बोलायच्या नाहीत. नवऱ्याशी मात्र त्यांच्या गोरबोलीत भरभर बोलायच्या आणि दोघं हसायची. मी त्यात कुठेतरी असणार हे मला कळायचं.

साठीच्या आसपासचा, उंच, काटक माणूस. तांड्याचे कारभारी. म्हणजे तांड्याचे मुख्य, नाईक भावसिंग, काय ते ठरवणार आणि देवीलालभाऊ ते चार माणसांच्या गळी उतरवणार. त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण ते मोजकं बोलायचे आणि बोललं तसं करायचे. शिवाय पंचक्रोशीत सगळ्यात सरळ काकर, म्हणजे पेरणीची रेघ, पाडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. पेरणीच्या दिवसांत लोक त्यांना तिफण धरायला बोलावून न्यायचे. मी एकदा विचारलं, हे जमतं कसं? म्हणाले, "बैलाकडे नाई पाहाचं, पायाकडे नाई पाहाचं. दूरच्या एका झाडाले डोये लावाचे अन् दम सोडत चालाचं."

आता दुर्बिणीकडे येतो. पन्नाशीनंतर मला पक्षी बघायचं वेड लागलं. त्या पाझर तलावावर हिवाळ्यात चक्रवाक उतरत, हळदीकुंकू बदकं तर बारा महिने असत, शेकाटे लाल पाय टाकत काठाने हिंडत. मी पार्सलने एक एकडोळी दुर्बीण मागवली. जाहिरातीत पाच-सहा होत्या. ज्याच्यावर सगळ्यात मोठा आकडा होता ती मी घेतली. सोळा पट. आमच्या घरात आकडा मोठा म्हणजे माल चांगला, मग तो पगार असो की टक्के.

पाळीवर उभा राहून मी ती डोळ्याला लावली आणि बदकं उड्या मारायला लागली. पाणी उडतंय, काठ उडतोय, बदक आत्ता होतं, आता नाही. अर्धा तास मी झगडत होतो. मागून आवाज आला.

"काय पाहून राह्यले सायेब?"

"बदकं."

"दिसून राह्यले काय?"

"दिसतात की."

"मंग मघापासून शिव्या कोणाले देऊन राह्यले?"

देवीलालभाऊ काठी टेकत पाळीवर चढून आले होते. त्यांनी दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली, काढली, पुन्हा लावली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. "बदक सोळा पट जवळ येते म्हंता. तर मंग तुमचं हात कापनंबी सोळा पट होत असन ना?"

मी शेतकी शाळा शिकलेला माणूस. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मला जरा राग आला आणि जरा लाज वाटली. तेव्हाची ती लाज हलकी होती, हसून घालवता येण्यासारखी.

"लहान पाहा," ते म्हणाले. "थोडंच जवळ आनन अशी. पन उभी राहीन अशी."

मी नागपूरला जाणार म्हटल्यावर त्यांनी आणखी एक बजावलं. दुकानातल्या दुकानात पाहायची नाही. दुकानात माणूस बसलेला असतो, हात निवांत असतात, सगळीच चांगली वाटतात. "दोन जिने चढून या, दम लागू द्या, मंग भाएर उभं राहून दूरची पाटी वाचा. तवा जी वाचू देईन ते घ्या." मी अगदी तसंच केलं. दुकानदाराला वाटलं माणूस वेडा आहे, सारखा जिना चढतोय आणि धापा टाकत समोरच्या दवाखान्याची पाटी वाचतोय. दहा पटीची हलत होती. एक बोटाएवढी लहान होती, खिशात छान बसायची, पण तिची पुढची काच इतकी बारकी की सावलीत सगळं अंधूक. शेवटी आठ पटीची घेतली, पुढची काच बत्तीस मिलिमीटर. डोळ्याकडे रबराची वाटी होती, ती दुमडली की चष्म्यासकट बघता यायचं. धाप लागलेली असतानाही दवाखान्याच्या पाटीवरची रविवारची वेळ मला वाचता आली.

ती घेऊन आलो तेव्हा देवीलालभाऊंनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं. आधी उघड्या डोळ्याने बदक धरायचं. मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यासमोर आणायची, दुर्बिणीने शोधत हिंडायचं नाही. दुसरा डोळा मिटायचा नाही, मिटला की सारं तोंड ताणतं आणि हात कापतो. कोपरं बरगड्यांना टेकवायची. आणि काठी. आपली काठी त्यांनी माझ्यासमोर रोवली, डाव्या मुठीत तिचं टोक धरायला लावलं आणि त्याच मुठीच्या अंगठ्यावर दुर्बीण टेकवली. "आता दम घ्या. अर्धा सोडा. थांबा. आता पाहा."

मी पाहिलं. चक्रवाकाची जोडी पाण्यावर बसली होती आणि हलत नव्हती. नराच्या गळ्यातला काळा गोफसुद्धा दिसला. मी किती वेळ बघत राहिलो कोणास ठाऊक. त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते सख्ख्या भावाबद्दलही कधी वाटलं नाही.

मग त्यांनी दुर्बीण घेतली आणि उलटी धरली. वावरात निंदत, तण काढत बसलेल्या हंसाबाईंकडे बघून खो खो हसले. "हंसा तं मुंगीएवढी झाली!" हसता हसता त्यांनी ती तशीच उलटी, डोळ्याकडची बाजू खाली करून आपल्या तळहाताजवळ नेली. अगदी बोटभर अंतरावर. "अरे बावा. काटा हाये इथं." तीन दिवस दुखत असलेला, नुसत्या डोळ्याला न दिसणारा काटा त्यांनी तिथेच बाभळीच्या दुसऱ्या काट्याने काढला. "सायेब, ही उलटी धरली तं जवळचंबी मोठं दाखवते!"

"ते तिचं काम नाही, देवीलालभाऊ," मी शहाणपणाने म्हणालो. "दुर्बीण दूरचं बघायला असते."

त्यांनी दुर्बीण पुसून माझ्या हातात दिली.

तीन हिवाळे असे गेले. मग दोन हजार सतरा आलं.

कापसाची त्याआधीची वर्षं फार बरी होती असं नाही, पण त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने आमच्या भागात हाहाकार केला. या अळीचं वाईट म्हणजे ती दिसत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हिरवीगार, कमरेच्या वर, बोंडांनी लगडलेली. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, काय पीक आहे! बोंड फोडलं की आत सरकीला भोक, रुई पिवळी पडून चिकटलेली आणि मध्ये गुलाबी किडा. हे लोकांना शिकवणं माझंच काम होतं. त्याच तांड्यावर, सप्टेंबरात, लिंबाखाली उभं राहून मी सांगितलं होतं: बाहेरून पाहून फसू नका. शेतात आडवे-तिरपे चाला, वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा, किती किडली ते मोजा. देवीलालभाऊंनी माझं बोलणं गोरबोलीत पुन्हा सांगितलं होतं, बायकांना नीट कळावं म्हणून.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा तांड्यात दोन तट पडले. तलावाला पाणी होतं. पऱ्हाटी उपटून टाकावी आणि गहू पेरून मोकळं व्हावं, असं भावसिंग नाईकांचं म्हणणं. पण सरकार पंचनामे करणार अशी बातमी होती आणि उपटलेल्या पिकाचा पंचनामा होत नाही. बैठकीत देवीलालभाऊ उभे राहिले. म्हणाले, "उपटू नका. मोहरील सायेब माहा मानूस हाये. तो वावरात येईन, बोंड फोडून पाहीन. मी शबद देतो." त्यांच्या शब्दावर चौदा घरांनी उभी पऱ्हाटी ठेवली आणि गव्हाचे दिवस जाऊ दिले. हे मला त्यांनी स्वतः पाळीवर येऊन सांगितलं. मी म्हणालो, "येतो ना. येणार म्हणजे येणार."

आदेश आला डिसेंबरात. मुदत आठ दिवसांची. पथक तिघांचं, पण गावं एवढी की आम्ही वाटून घेतली आणि तांड्याकडची शिवारं माझ्या एकट्यावर आली. पहिले तीन दिवस मी इमानाने चाललो. बोंडं फोडली, मोजली. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. कुंदाने फोनवर सांगितलं, सुटी घ्या. वरून फोन आला, संध्याकाळपर्यंत आकडे पाठवा. दोन्ही खरं आहे. पण ही कारणं मी सांगतोय ती सांगण्यासारखी आहेत म्हणून. खरं कारण असं की माझ्या गळ्यात दुर्बीण होती आणि मला वाटलं, एवढं छान दिसतंय तर आत कशाला जायचं?

सोमवार, अठरा डिसेंबर. सकाळी दहाच्या सुमाराला मी पाळीवरच्या रस्त्यावर गाडी उभी केली. खाली तांड्याची वावरं एका ओळीत पसरलेली. मी काठी रोवली. हो, काठीही होती, देवीलालभाऊंनीच तासून दिलेली. कोपरं बरगड्यांना लावली. दम घेतला, अर्धा सोडला, थांबलो. एकेक वावर असं समोर आलं की पान न् पान मोजावं. हिरवं पीक. भरपूर बोंडं. मी कागदावर लिहीत गेलो: नुकसान तेहतीस टक्क्यांच्या आत. तेहतीसच्या आत म्हणजे मदतीच्या बाहेर, हे मला पाठ होतं.

शेवटचं वावर देवीलालभाऊंचं. ते मधोमध उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल फेटा, जो मी फक्त लग्नात पाहिला होता. शेजारी हंसाबाई पितळी तांब्या घेऊन. पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखी दोघं. त्यांनी मला पाळीवर पाहिलं आणि हात उंच केला. हातात काहीतरी धरलेलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या हाताने उघडलं आणि पुन्हा उंच धरलं, माझ्याकडे करून. दुर्बिणीतून मला त्यांची बोटं दिसली, नखांत गेलेली माती दिसली, फुटलेलं हिरवं बोंड दिसलं. बोंडाच्या आतलं मात्र शंभर पावलांवरून कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नव्हतं.

मी काय केलं असेल? मी हात हलवला. रस्त्यावरून रामराम केला. गाडीला किक मारली आणि पुढच्या गावाला गेलो.

पुढचं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी लोकांनी विचारलं तेव्हा देवीलालभाऊ म्हणाले, "सायेब घाईत होता. रस्त्यावर आलता, ते काई येनं नाई. तो वावरात येईन." आणि चौदा घरांना त्यांनी आणखी थांबवलं. उशिराचा गहू तरी तेव्हा पेरता आला असता. त्यांनी तोही जाऊ दिला, कारण त्यांच्या लेखी माझं येणं अजून व्हायचं होतं.

जानेवारीच्या मध्यावर मदतीची यादी लागली. तांड्याच्या चौदांपैकी एकाही घराचं नाव त्यात नव्हतं. मी ती यादी फळ्यावर वाचली. आठवडाभर मी त्या रस्त्याने गेलो नाही, लांबून वळसा घालून जायचो. तक्रार येईल म्हणून रोजचं टपाल आधी मीच बघायचो. आली नाही. कोणीच केली नाही. आणि मला हायसं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची आहे. निवृत्तीला पाच महिने राहिले होते, पेन्शनचे कागद चालले होते आणि मी तक्रार आली नाही म्हणून देवापुढे उदबत्ती लावली.

मग कोणाच्या तरी तोंडून ऐकलं, देवीलालने कारभारीपण सोडलं. बैठकीत म्हणाला, माझ्या भरवशावर तुम्ही थांबलात, चूक माझी. आता पुढे बसत नाही, मागे बसतो. ते ऐकल्यावर मात्र मला राहवलं नाही.

मी गेलो तेव्हा ते दोघं पऱ्हाटी उपटत होते. मी गाडी रस्त्यावर लावली, धुरा ओलांडला आणि आत गेलो. "रामराम, देवीलालभाऊ."

त्यांनी हात जोडले. "रामराम. आले तुमी."

हंसाबाई "आवो, बेसो" म्हणाल्या नाहीत. त्या उपटत राहिल्या.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला आत यायला हवं होतं."

"काहून नाई आले?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

गुडघ्याचं नाव काढायला जीभ रेटेना. सवयीने माझा हात गळ्यातल्या दुर्बिणीकडे गेला. त्यांनी ते पाहिलं. "द्या इकडे," म्हणाले. ती गळ्यातून काढून घेतली. उपटून टाकलेल्या एका झाडाचं बोंड तोडलं, अंगठ्याने फोडलं, माझ्या समोर धरलं आणि दुर्बीण उलटी करून माझ्या डोळ्याला लावली. बोंड खालून हळूहळू जवळ आणलं.

"दम सोडा," ते म्हणाले. "आता पाहा."

गुलाबी, फुगलेली, अंगावर बारीक केस, तपकिरी डोकं हलवत ती अळी माझ्या डोळ्यासमोर सरकीत शिरत होती. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी हजार अळ्या पाहिल्या असतील, इतक्या जवळून एकही नाही.

"तुमच्याच दुर्बिनीतून दिसते सायेब," ते म्हणाले. "पन जवळ यावं लागते. आता दिसलं ना तुमाले? मंग लिहून द्या वरते. आता दिसलं असं लिहा."

मी म्हणालो, लिहितो. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात ठेवली आणि हंसाबाईंना गोरबोलीत काही म्हणाले. हंसाबाई उठल्या आणि मला तांब्यातून पाणी दिलं. मी ते प्यालो. ते पाणी मला अजून आठवतं.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. चार मसुदे केले. पहिल्यात सरळ लिहिलं होतं. ते वाचून मी कागद घडी करून बाजूला ठेवला. दुसऱ्यात थोडं सौम्य केलं. आमच्या घरात तीन पिढ्यांनी हेच केलं आहे, सौम्य करणं, त्यामुळे हात बसलेला होता. चौथा मसुदा मी पाठवला. महिनाभराने त्याचं उत्तर आलं: सदर पत्रातून स्पष्ट बोध होत नाही, तसेच मुदत संपलेली असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

जून संपला, मी निवृत्त झालो. यवतमाळला कायमचं जायच्या आदल्या सकाळी मी पत्राची नक्कल, ते उत्तर आणि दुर्बीण घेऊन वावरात गेलो. नवी पऱ्हाटी वीतभर आली होती. देवीलालभाऊ बैल जुंपून डवरत, ओळींमधलं तण काढत होते. थांबले. मी म्हणालो, "मी लिहिलं होतं. पण त्यांनी निकाली काढलं. ही दुर्बीण तुम्ही ठेवा. माझ्याकडे शोभत नाही."

त्यांनी दुर्बीण घेतली नाही. "काय लिहिलं ते वाचून दाखवा," म्हणाले.

मी नक्कल उलगडली आणि वाचली. "उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, संदर्भीय शिवारातील पीक पाहणीच्या वेळी उपलब्ध कालावधी व परिस्थिती विचारात घेता दूरस्थ अवलोकन करण्यात आले असून, सबब नुकसानीच्या टक्केवारीत काही प्रमाणात तफावत राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

ते डवऱ्याच्या मुठीवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "यात माहं वावर कोठी हाये?"

"संदर्भीय शिवार म्हणजे तेच."

"अन् तुमी कोठी हाये?"

मी कागदाकडे पाहिलं. मी त्यात कुठेच नव्हतो.

"सायेब," देवीलालभाऊ हळूच म्हणाले, "हेबी तुमी रस्त्यावरूनच लिहिलं."

मग त्यांनी बैलांना हाक दिली, दूरच्या झाडाला डोळे लावले आणि काकर धरून निघून गेले. मी दुर्बीण मोज्यात घातली ती आजतागायत मोज्यातच आहे. मागच्या महिन्यात फुलसावंगीहून आलेल्या माणसाने सांगितलं, देवीलाल आडे गेले. शेवटपर्यंत ते बैठकीत मागेच बसत होते.

तेव्हा पहिला मसुदा जसा होता तसा लिहून ठेवतो.

मी कमलाकर मोहरील, कृषी सहायक. सोमवार, अठरा डिसेंबर दोन हजार सतरा रोजी देवीलाल आडे व इतर तेरा जणांच्या वावरांचा पंचनामा मी रस्त्यावर उभं राहून केला. देवीलाल मला बोलावत होते. त्यांनी बोंड फोडून हातात धरलं होतं. मला ते दिसलं होतं. मी वावरात गेलो नाही.